शौर्य रक्ताचें कीं शिकवणीचें ?

अमक्या जातीचा गडी जन्माचाच लढवय्या, आणि तमक्याचें तें कामच नव्हे, असें आमच्या गांवच्या पारावर अजून बोललें जातें. रणांत ज्याचा धीर सुटला तो भित्रा, हा निवाडाहि तेथेंच बसून दिला जातो. शेतकरी व कारागीर बंधूंनो, पलटणींत पोरें जातात तीं आपल्याच घरचीं. म्हणून या दोन्ही समजुती एकदां घासून पाहणें आपणांस भाग आहे.

तारीख 9 एप्रिल 1945. स्थळ इटलींतील सेनिओ नदी. पात्र अरुंद, पाणी छातीशीं येईल इतकें. पण दोन्ही कांठांस सुमारें 30 फूट उंचीचे पुराचे बांध, त्यांत जर्मनांचे मोर्चे, आणि जागोजाग पेरलेले सुरुंग. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनींतील शिपाई नामदेवराव जाधव कंपनीचे निरोप्ये होते. अहमदनगर जिल्ह्यांतील (आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील) निमज गांवचा हा तेवीस-चोवीस वर्षांचा जवान. पलीकडच्या कांठाशीं पोंचतांच मशीनगनींचा मारा सुरू झाला. कंपनीचे नायक व आणखी काहीं गडी घायाळ झाले, कित्येक जागींच पडले. त्या टोळींत धड उरले ते एकटे नामदेवराव.

आतां त्यांनीं काय केलें तें क्रमानें पाहा. आधीं एका जखमी गड्यास उचलून पाण्यांतून व सुरुंगांच्या चढावरून मागें सुखरूप पोंचविलें. मग परत येऊन दुसऱ्यास नेलें. दोन जीव वांचले, पण मशीनगनी चालू आहेत तोंवर मागची फौज नदी उतरूं शकत नाहीं. म्हणून तिसऱ्यांदा ते पुढें गेले आणि सर्वांत जवळचा मोर्चा टॉमीगननें बंद पाडला. हाताला जखम झाली, बंदूक चालवितां येईना. ती टाकून दिली व हातबॉम्ब घेतले. ते संपले तेव्हां सरपटत बांधाच्या माथ्याशीं येऊन सोबत्यांकडून आणखी घेतले. उरलेले दोन मोर्चे मोडले. मग बांधावर उघडे उभे राहून, युद्धघोषणा करीत, मागच्यांस हातानें बोलाविलें. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

याला कोणी अंगांत आलेलें वारें म्हणेल. आम्ही म्हणत नाहीं. आधीं कोणतें, मग कोणतें. काय टाकावें, काय आणावें. आणि इतरांस कधीं बोलवावें. प्रत्येक पायरीवर निर्णय आहे.

हा निर्णय किती कठीण, तें शरीराला विचारा. जीवावर बेतलें कीं काळीज धडधडतें, हात कांपतात, नजर समोरच्या एकाच वस्तूवर खिळते, जवळचा आवाजहि कधीं ऐकूं येत नाहीं. हें शूरालाहि होतें. अशा क्षणीं दहा वाटा तोलीत बसण्यास मनाला सवड नसते. मग उपयोगीं काय पडतें? लोहार तापल्या लोखंडाचा रंग पाहतो आणि घण टाकतो. त्या पळांत तो विचार करीत बसला तर लोखंड निवेल. पण तो रंग ओळखण्यास त्याची कित्येक वर्षें भात्यापाशीं गेलेलीं असतात. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनीं 1980 नंतरच्या दशकांत आगी विझविणाऱ्या बंबवाल्यांच्या नायकांस विचारून हेंच पाहिलें. ते चार उपायांची तुलना करीत नाहींत. पूर्वीं पाहिलेल्या आगींवरून पुढची आग ओळखतात, आणि पहिला चालण्याजोगा उपाय मनांत तपासून हातीं घेतात.

पलटणींत तीच गोष्ट तेंच काम शंभर वेळां करवून शिकवितात. हात आपोआप चालला म्हणजे डोकें पुढचें पाहण्यास मोकळें राहतें.

मग जातीच्या रक्ताचें काय? इंग्रजांनीं 1890 नंतरच्या दशकांत महारांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धांत नड पडतांच त्यांना घेतलें, युद्ध सरल्यावर काढलें, आणि 1941 सालीं पुन्हां महार रेजिमेंट उभारली. रक्त तेंच होतें. बदलत होती ती सरकारची गरज!

दुसरा निवाडा भित्रेपणाचा. पहिल्या महायुद्धांत ब्रिटिश फौजेनें पळून जाणें, भित्रेपणा अशा आरोपांवरून आपल्याच शिपायांस गोळ्या घातल्या. त्यांतील 306 जणांस 2006 सालीं पार्लमेंटनें माफी दिली. त्यांतल्या कित्येकांचीं मनें तोफांच्या भडिमारानें मोडलीं होतीं, हें मानण्यास सुमारें नव्वद वर्षें लागलीं. माफी पोंचली ती थडग्यांपर्यंत.

म्हणून आमचें सांगणें इतकेंच. भरतीसाठीं पहाटे धांवणाऱ्या पोरांनो, छातीबरोबर डोळा आणि डोकेंहि तयार करा. कवायतीला कंटाळूं नका. आईबापांनो, सुटीवर आलेला मुलगा रात्रीं दचकून उठला तर त्याची थट्टा होऊं देऊं नका. त्याला डॉक्टरकडे न्या. आणि पारावरच्या पंचांनो, कोणास भित्रा ठरविण्यापूर्वीं सेनिओचा तो 30 फुटांचा बांध डोळ्यांपुढें आणा, आणि मग बोला.