एहेगावचा पूल जपा

प्रति,
महाव्यवस्थापक, मध्य रेल्वे, मुंबई

महोदय,

कसाऱ्याला घाट चढण्यासाठी गाडीमागे ढकलणारी बँकर इंजिनं लागली की डब्याला मागून हलका धक्का बसतो. माझे वडील रेल्वेत फिटर होते. धक्का बसला की म्हणायचे, "ये खिडकीशी." काही बोगदे मागे पडले की एहेगावचा पूल यायचा. पावसाळ्यात खाली नुसतं धुकं. दरी दिसायची नाही, पण चाकांचा आवाज बदलायचा. खडीवर जड, लोखंडावर पोकळ. वडील त्या आवाजाकडे कान लावून बसत.

हा पूल दरीच्या तळापासून १८२ फूट उंच. कसारा ते इगतपुरी, थळघाटाची ही वाट १८६५ च्या १ जानेवारीला सुरू झाली. चढ ३७ फुटांना १ फूट. ही वाट बांधणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले १८६२ मध्येच वारले, त्यांना पूर्ण झालेला घाट पाहता आला नाही.

नाशिकचे कारखाने याच वाटेने वर आले, असं मी मानतो. नाशिकरोडचा सिक्युरिटी प्रेस १९२५ चा, नोटप्रेस १९२८ चा. होशंगाबादची कागद गिरणी निघेपर्यंत नोटांचा कागद परदेशातून यायचा. मुंबई बंदरात उतरलेल्या मालाला आमच्याकडे यायचं तर हा घाट चढावाच लागे. आणि लासलगावचा कांदा मुंबईला उतरला तोही इथूनच.

आता कमी चढाच्या नव्या मार्गिकेची योजना आहे. ती जरूर व्हावी. बँकर लावण्यात जाणारा वेळ वाचेल. पण वर्दळ तिकडे वळली, तरी हा पूल भंगारात काढू नका. त्याची देखभाल चालू ठेवा. कसारा आणि इगतपुरी स्थानकांवर त्याचा इतिहास मराठीत, ठळक अक्षरांत लावा.

आणखी एक मागणं आहे. हा घाट हातांनी फोडला गेला. पहारी, सुरुंग, डोक्यावर पाट्या. घाटांच्या कामावर पटकीने आणि अपघातांनी माणसं मेली. बर्कले यांचं नाव पुस्तकांत आहे, पाट्या वाहणाऱ्या बायांचं नाही. जुन्या दप्तरांत मजुरांची हजेरी, गावं, मुकादमांची नावं जी काही सापडतील ती बाहेर काढा.

इगतपुरीत निवृत्त गँगमन आणि फिटर अजून आहेत. त्यांच्या आठवणी टिपून घ्यायला माणूस पाठवा. त्याला घरोघरी न्यायला मी येईन.

आपला नम्र,
नाशिकरोडचा एक प्रवासी