वैद्यकीय प्रवेश : इच्छा आणि हिशोब

आपल्या वसतिगृहात वाढणाऱ्या अनेक मुलामुलींच्या मनात डॉक्टर होण्याची इच्छा असते आणि ती सर्वथा रास्त आहे. ज्या वस्त्यांतून ही मुले येतात तेथे दवाखाना दूर असतो आणि एका आजारपणाने घर कर्जात बुडते. या इच्छेबद्दल आमचा आक्षेप नाही. ती फळाला येण्याची शक्यता आपण कशी जोखतो, हा आमच्या चिंतेचा विषय आहे. आज हा अंदाज मुख्यतः दोन ठिकाणी बांधला जातो. शिकवणी वर्गाच्या जाहिरातीत प्रत्येक मूल डॉक्टर होणारच असते; नातलगांच्या बैठकीत ‘आपल्याला कुठे जमणार’ एवढ्यावर विषय संपतो. आकडे दोन्हीकडे नसतात. हा हिशोब अकरावीतच, पालकांच्या समोर, कागदावर मांडला गेला पाहिजे आणि ते काम शाळेने व माजी विद्यार्थ्यांनी मिळून केले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सर्वांत मोठी फसगत ‘पात्र’ या शब्दाने होते. २०२५ मध्ये सुमारे २२ लाख विद्यार्थी नीट परीक्षेस बसले आणि त्यांपैकी १२ लाखांहून अधिक पात्र ठरले. देशभरातील एम.बी.बी.एस.च्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास आहेत. म्हणजे साधारणतः दहा पात्र विद्यार्थ्यांमागे एक जागा. पात्र होणे म्हणजे रांगेत उभे राहण्याची परवानगी मिळणे. घरोघरी पेढे वाटण्याइतके ते निश्चित नाही.

दुसरी फसगत गुणांच्या आकड्याने होते. २०२४ च्या सुधारित निकालात १७ विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण होते. २०२५ मध्ये देशातील सर्वोच्च गुण ६८६ होते. मुले एका वर्षात मंद झाली नाहीत, प्रश्नपत्रिका अवघड झाली. म्हणून ‘गेल्या वर्षी इतक्या गुणांना प्रवेश मिळाला’ हे वाक्य फारसे कामाचे नाही. तुलना करावी ती गुणवत्ता क्रमांकाची. कोणत्या महाविद्यालयात, कोणत्या प्रवर्गात, कोणत्या फेरीत, कोणत्या क्रमांकावर प्रवेश थांबला, हे राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या निवड याद्यांतून पाहता येते. अशा तीन वर्षांच्या याद्या समोर ठेवल्या की अंदाज बराच ठाम होतो.

येथे आमच्या माजी विद्यार्थी बंधुभगिनींना एक विनंती आहे. आपल्या काळातील अनुभवावरून आजच्या मुलाला सल्ला देऊ नये. राज्यातील ७०:३० हा विभागीय कोटा २०२० मध्ये रद्द झाला. मराठवाड्यातील वा विदर्भातील विद्यार्थ्याची स्पर्धा आता संपूर्ण राज्याशी आहे. शासकीय महाविद्यालयांतील ८५ टक्के जागा राज्याच्या आणि १५ टक्के अखिल भारतीय कोट्याच्या. राज्याच्या जागांत अनुसूचित जातींसाठी १३ टक्के आरक्षण आहे, अखिल भारतीय कोट्यात १५ टक्के. दोन्हीकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते. केवळ ठाऊक नसल्यामुळे एक दार बंद राहू नये.

विद्यार्थ्याने स्वतःचा अंदाज कसा बांधावा? पूर्ण तीन तासांच्या, १८० प्रश्नांच्या शेवटच्या सहा सराव परीक्षांची सरासरी काढावी. त्यांतील सर्वोत्तम एक आकडा धरून बसू नये. ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे आहेत, भौतिकशास्त्राचे व रसायनशास्त्राचे प्रत्येकी १८०. चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. कोणत्या विषयात किती गुण अज्ञानामुळे गेले आणि किती घाईमुळे, हे वेगळे लिहावे. घाईचे गुण काही महिन्यांत परत मिळवता येतात. अज्ञानाचे गुण मिळवायला वर्ष लागू शकते. पसंतीक्रम भरताना मात्र शक्यतेचा विचार बाजूला ठेवून खऱ्या आवडीचा क्रम लावावा. मुंबई-पुण्याचे महाविद्यालय वर लिहिल्याने अंबेजोगाईची वा नांदेडची जागा हातची जात नाही. जागा क्रमांकानुसार मिळते. वरची पसंती न मिळाल्यास खालची पाहिली जाते.

गुण असूनही संधी निसटू शकते ती कागदांमुळे. राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते आणि अनुसूचित जातींच्या बाबतीत १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा व जातीचा पुरावा विचारला जातो. आजोबांच्या शाळेचा जुना दाखला शोधायला कधी कधी दुसऱ्या जिल्ह्यात जावे लागते. हे काम निकालानंतरच्या पंधरा दिवसांत होणारे नाही. ते अकरावीतच हाती घ्यावे. १९९० मध्ये अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती झाल्यापासून आपला बौद्ध विद्यार्थी केंद्राच्या जागांवरही हक्क सांगू शकतो. त्यासाठी केंद्रीय नमुन्यातील जातीचा दाखला वेगळा काढून ठेवावा.

राहिला प्रश्न पुन्हा परीक्षा देण्याचा. एक वर्ष थांबण्याचा निर्णय चुकीचा नाही, पण तो निकालाच्या रात्री, रडून झाल्यावर घेऊ नये. जागा थोडक्यात हुकली असेल आणि तोटा कोठे झाला हे नेमके ठाऊक असेल, तर थांबावे. अंतर मोठे असेल तर दुसऱ्या, तिसऱ्या वर्षासाठी शेत गहाण टाकण्यापूर्वी पालकांनी त्याच नीटच्या आधारे मिळणारे दंतवैद्यक, आयुर्वेद, फिजिओथेरपी हे मार्ग मनमोकळेपणाने पाहावेत. त्या मार्गाने गेलेले मूल हरलेले नसते. त्याला घरात तसे वाटू न देणे हे आपले सर्वांचे काम आहे.

आमची सूचना अगदी साधी आहे. शाळेने दरवर्षी अकरावीच्या प्रत्येक इच्छुक विद्यार्थ्याची एक नोंदवही उघडावी : सराव परीक्षांची सरासरी, प्रवर्ग, कागदपत्रांची स्थिती, घराची ऐपत आणि दुसरा पर्याय. वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या वा घेत असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून दोन रविवार शाळेत यावे, पालकांसमवेत ती वही पाहावी आणि जे दिसते ते प्रेमाने पण खरे सांगावे. देणगी देणारे हात आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि त्यांचे ऋण आम्ही मानतो. त्या देणगीइतकीच गरज या दोन रविवारांची आहे.