पाळकाने शब्बाथ पाळावा की नाही?

सहा महिन्यांच्या सबॅटिकलसाठी मी केलेल्या अर्जावर आमच्या मंडळीच्या पंचकमिटीत दीड तास चर्चा झाली. त्या दीड तासात तीनच प्रश्न निघाले. पाळकसाहेबांना काही आजार आहे का? कुणाशी वाजले आहे का? की परदेशी जायचे घाटते आहे? चौथा प्रश्न कुणाला सुचला नाही, आणि तो तर आमच्याच पवित्र शास्त्रात आहे: सहा वर्षे झाली, मग सातव्याचे काय? माझ्या सेवेत अशी सहा वर्षे तीनदा उलटून गेली होती.

अर्ज अखेर मंजूर झाला, अर्ध्या पगारावर. आता चौथा महिना संपत आला आहे. नगर जिल्ह्यात माझ्या भावाच्या घरी मी राहतो आणि फोनवर अजूनही तेच तीन प्रश्न ऐकतो. म्हणून हे एकदाच लिहून टाकतो.

आधी शब्दाचे पाहू. सबॅटिकलला मराठीत नेमका शब्द नाही, म्हणून आपण 'रजा' म्हणतो. रजा अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आली. मूळ अर्थ मर्जी, संमती. रजा घेणारा आधी कुणाच्या तरी मर्जीत असावा लागतो. शब्बाथाचे तसे नाही. ती दहा आज्ञांपैकी एक आज्ञा आहे, खून करू नको, चोरी करू नको यांच्याच पंगतीत बसलेली. 'यंदा चोरी न करण्याची परवानगी मिळावी' असा अर्ज आमच्या कमिटीपुढे कुणी केल्याचे मला आठवत नाही. आमच्यात पास्टरला 'पाळक' म्हणतात, म्हणजे कळप पाळणारा. पण मराठीत आज्ञाही पाळतात आणि दिवसही पाळतात. कळप पाळता पाळता आज्ञा मोडणाऱ्याला आम्ही 'झोकून दिलेला सेवक' म्हणतो आणि निवृत्तीच्या दिवशी शाल घालतो.

लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात सातव्या वर्षीची विश्रांती आधी जमिनीला दिली आहे. पेरायचे नाही, छाटायचे नाही. माझ्या भावाला हे समजावून सांगावे लागले नाही. वर्षानुवर्षे त्याच रानात ऊस आणि त्याला पाटाचे भरमसाट पाणी, यातून जमीन चोपण होते हे इथल्या पोराटोरांना ठाऊक आहे. वरून हिरवी दिसते तोवर कुणी बोलत नाही. दुसऱ्या इतिहासाच्या शेवटी तर याचा हिशेबच मांडला आहे: लोक बंदिवासात गेले आणि सत्तर वर्षे ओसाड पडून जमिनीने आपले बुडालेले शब्बाथ भरून घेतले. न दिलेली विश्रांती अशी वसूल होते. पाळकांच्या बाबतीत ती वसुली दवाखान्यात होते, घरातल्या अबोल्यात होते, कधी व्यासपीठावरच होते.

माझी व्यासपीठावर होत होती. दोन दफनविधी, एक लग्न, चार घरी प्रार्थना, रविवारचा संदेश आणि मधल्या एखाद्या दिवशी मंडळीच्या जागेच्या खटल्याची तारीख, असा माझा आठवडा. दीड वर्षापूर्वी एका घरी गेलो. मुलाचे डायलिसिस चालू होते. मी प्रार्थना केली. डोळे उघडले तेव्हा त्याची आई शांतपणे म्हणाली, "पाळकसाहेब, मागच्या वेळीही तुम्ही हेच म्हणाला होता. अगदी शब्दाला शब्द." तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागले. ज्यांचा व्यवहारच शब्दांशी आहे अशा लेखक-वाचकांना हे वेगळे सांगायला नको. कवी थकला तर लिहायचे थांबतो आणि त्याचे कुणी काही वाईट मानत नाही. पाळक थकला तरी बोलतच राहतो. आणि ते मेलेले शब्द कुणाच्या तरी उशाशी पडतात.

गंमत अशी की शब्द आमच्या ग्रंथातला आणि सवलत प्राध्यापकांची. हार्वर्डने १८८० मध्ये सबॅटिकलची पद्धत सुरू केली. आज आपल्या विद्यापीठांच्या नियमांतही ती आहे. कॅथॉलिकांच्या १९८३ च्या धर्मविधीसंहितेत धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूला वर्षातून महिनाभर सुट्टी घेता येते, आणि मौनसाधनेचे दिवस त्यात धरत नाहीत. आम्ही प्रॉटेस्टंट मात्र 'फक्त शास्त्र' म्हणत वेगळे झालो आणि शास्त्रातली ही पाने चिकटवून टाकली.

यावर मला ऐकवले गेले की येशूने कधी रजा घेतली होती का. मार्काचा सहावा अध्याय काढा. दमून आलेल्या शिष्यांना तो एकांतात येऊन थोडा विसावा घ्या म्हणतो. हेही कबूल करतो की लोक पाठोपाठ येतात, विसावा मोडतो आणि पाच हजारांची पंगत बसते. आमचे संदेश इथे संपतात. पुढे मात्र असे आहे की जेवणे झाल्यावर त्याने लोकांना निरोप दिला आणि तो एकटा डोंगरावर प्रार्थनेला गेला. लोकांना निरोप देणारा येशू वीस वर्षांत माझ्याही संदेशात आला नव्हता. कारण उघड आहे. आपल्यावाचून चालत नाही ही भावना गोड असते. कमिटीने मला अडकवले हे अर्धेच खरे. अडकून राहणे मला आवडत होते.

रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीते आमच्या उपासनेत दर रविवारी गातात. त्याच टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. ते सबॅटिकल नव्हते, ते परत आलेच नाहीत. १९१९ मध्ये वारले. 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले आणि लक्ष्मीबाईंनी ते पुरे केले. एवढ्या मोठ्या कवीचे काम दुसऱ्या हातांनी पुढे जाऊ शकते, तर माझी बुधवारची प्रार्थनासभा माझ्यावाचून का अडावी?

एक आक्षेप मात्र मला अजून झोपू देत नाही. कमिटी उठल्यावर इस्पितळात आयाचे काम करणाऱ्या एक मावशी दारात थांबल्या होत्या. म्हणाल्या, "जा साहेब तुम्ही. पण आम्हाला कोण देतं?" मावशींचा दशांश माझ्या पगारात आहे. त्यांनी सलग आठ दिवस घरी काढलेले मी पाहिले नाहीत. निर्गमातली आज्ञा बैल, गाढव, दासीचा मुलगा आणि परका यांचीही नावे घेते; अनुवादात तर सातव्या वर्षी कर्जही सोडायचे आहे. म्हणजे पाळकापुरता शब्बाथ हा शब्बाथ नव्हे, ती सवलत झाली. मावशींना रजा नाही म्हणून मलाही नको, हा न्याय मला मान्य नाही. पण मी परत जाऊन त्यांच्या सुट्टीसाठी भांडलो नाही, तर माझे हे सहा महिने त्यांच्या पैशांवर केलेली चैन ठरतील.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. दर सहा वर्षांनी पाळकाला किमान तीन महिने, आणि तेही अर्जाशिवाय, नियमाने. त्या काळात पाळकाच्या पत्नीलाही शब्बाथशाळा आणि महिला मंडळातून मोकळीक, कारण तिची सेवा कुठल्याच हजेरीपटावर नाही. मंडळीच्या आवारात राबणाऱ्या राखणदाराला आणि झाडलोट करणाऱ्या बाईला भरपगारी साप्ताहिक सुट्टी, याच ठरावात, पाळकाच्या कलमाच्या आधी. आणि परतल्यावर 'काय घेऊन आलात?' असे कुणी विचारू नये. पड राहिलेल्या रानाला त्या वर्षाचे पीक कुणी मागत नाही.

गेल्या महिन्यात कळले की एका रविवारी मध्यस्थीची प्रार्थना त्या मावशींनी चालवली. कागद न घेता, इस्पितळातल्या एकेका खाटेवरच्या माणसाचे नाव घेऊन. वीस वर्षे त्या समोरच्या बाकावर बसत होत्या आणि मी त्यांना एकदाही विचारले नव्हते.