खंजिरी कुणाची?

अमरावतीहून नागपूरकडे निघालं की तिवसा तालुक्यात, हमरस्त्याला लागून मोझरी येते. गाडीतले बरेच जण हात जोडतात. आपल्यातला माणूस बहुधा खिडकीतून नुसता बघतो. "महाराजांचा आश्रम आहे" एवढं त्याला ठाऊक असतं आणि तेवढं पुरे असं त्याला वाटतं. मला ते पुरे वाटत नाही. तुकडोजी महाराजांना संत मानावं की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. पण स्वतः गाणी रचून, स्वतः चाली लावून, गावोगाव फिरून ती गाणारा त्यांच्याएवढा मोठा माणूस वऱ्हाडात दुसरा झालेला नाही. अमरावती-अकोल्यातल्या मुसलमानांनी या गायकाची ओळख करून घ्यावी आणि ती आत्ताच करून घ्यावी, असं माझं म्हणणं आहे.

आधी माणूस कोण होता ते पाहू. माणिक बंडोजी इंगळे, जन्म ३० एप्रिल १९०९, अमरावती जिल्ह्यातलं यावली गाव. घर गरिबीचं, वडील शिवणकाम करणारे. शाळा प्राथमिकच्या पुढे गेली नाही. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. भजन म्हणावं आणि भाकरीचा तुकडा मिळेल त्यावर पोट भरावं, असे दिवस होते. त्या तुकड्यावरून "तुकड्या" हे नाव पडलं आणि पुढे त्यांनी तेच नाव आपल्या गाण्यांत कवीची सही म्हणून वापरलं. गझलेच्या मक्त्यात शायर तखल्लुस घालतो, तसंच. उर्दू शायरीत मोठमोठी तखल्लुसं आहेत, पण भिकेच्या तुकड्याला कुणी तखल्लुस केल्याचं माझ्या वाचनात नाही.

पोरवयात ते रामटेक, सालबर्डीच्या रानात भटकले. परत आले ते हातात खंजिरी घेऊनच. खंजिरी म्हणजे लाकडाचं एक कडं, एका बाजूनं ताणलेलं कातडं आणि कडेला झांजा. एका हातात धरायची, दुसऱ्या हातानं वाजवायची. पेटी नको, तबलजी नको, मांडव नको. गाव लागलं की पारावर बसून सुरू करता येतं. मराठी आणि हिंदी, दोन्ही भाषांत त्यांनी गाणी रचली. हिंदीही अशी की शेतमजुराला आणि बाजारातल्या बागवानाला सारखीच कळावी. विषय देवापुरते नव्हते. गावची घाण, दारू, शिवाशिव, लग्नातली उधळपट्टी, झोपडीतलं समाधान, हे सगळं त्या भजनांत येतं. चमत्काराच्या मागे लागू नका, हातात झाडू घ्या, असं ते सांगत. शेजारच्या अकोला जिल्ह्यात मूर्तिजापुराला ज्यांचं मोठं काम उभं राहिलं, ते गाडगेबाबा कीर्तनातून हेच सांगत होते. एकानं खराटा हाती घेतला, दुसऱ्यानं खंजिरी.

१९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. १९३६ साली गांधीजींनी त्यांना सेवाग्रामला बोलावून घेतलं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर आणि आष्टीला जो उठाव झाला, त्यामागे त्यांच्या भजनांची चेतवणी आहे हे इंग्रज सरकारनं ओळखलं. त्यांना अटक झाली आणि नागपूर, रायपूरच्या तुरुंगात ठेवलं गेलं. गाण्यासाठी तुरुंगात जाणं हे प्रत्येक गवयाच्या नशिबी नसतं. पुढे राजेंद्रप्रसादांनी त्यांना राष्ट्रसंत म्हटलं. १९५५ साली जपानच्या विश्वधर्म परिषदेला ते गेले. खेड्याचा कारभार कसा असावा हे सांगणारी ४१ अध्यायांची ग्रामगीता त्यांनी ओवीत लिहिली, कारण ओवी निरक्षर माणसालाही पाठ होते. ११ ऑक्टोबर १९६८ ला कर्करोगानं ते गेले. आजही पुण्यतिथीला गुरुकुंजात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मोठा जमाव एकदम गप्प होतो. जन्मभर गायलेल्या माणसाला लोक मौनानं आठवतात.

आता आपल्या घरचा प्रश्न. आमच्या मुशायऱ्यांत, जलशांत, वाजांत हे नाव निघालेलं मी ऐकलेलं नाही. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : "ते भजन आहे, आपला काय संबंध?" या उत्तराला मी हसणार नाही. तौहीद ही आपल्या ईमानाची पहिली अट आहे. "सगळे धर्म एकच" असं म्हणत आपली ओळख पुसून टाकायला सांगणाऱ्यांचा मलाही कंटाळा आहे. माझी नमाज माझ्याजागी आहे, तिच्या बदल्यात मला दुसरं काही नको. पण गुरुकुंजातल्या प्रार्थना मंदिरात मूर्ती नाही, रिकामं अधिष्ठान आहे, ही गोष्ट आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? त्यांच्या गाजलेल्या हिंदी प्रार्थनेचा आशय एवढाच की नावं पुष्कळ, तो एकच. दुसऱ्या एका भजनात आपलं मंदिर सगळ्यांसाठी उघडं असल्याचं ते सांगतात. उघडं आहे म्हणणारा माणूस आत ओढत नाही. आपण आत जाऊन काय म्हणायचं हे त्यानं आपल्यावर सोडलं आहे. बाहेर उभं राहून ऐकलं तरी त्याचं काही बिघडत नाही आणि आपलंही बिघडत नाही.

यावर एक अवघड आक्षेप आहे आणि तो मला टाळायचा नाही. १९६४ साली मुंबईत विश्व हिंदू परिषद स्थापन झाली, तेव्हाच्या मंडळींत तुकडोजी महाराजांचं नाव आहे. आमच्यातले जाणते लोक हीच गोष्ट पुढे करतात आणि विषय संपला म्हणतात. दुसऱ्या बाजूचे काही जण तीच गोष्ट पुढे करून महाराज आमचेच म्हणतात. दोघंही एका बैठकीवरून साठ वर्षांचं आयुष्य मोजतात. मी ती गोष्ट लपवणार नाही, धुऊनही काढणार नाही. तिच्याविषयी मला प्रश्न आहेत, ते राहतील. पण चौसष्टच्या आधी निदान तीस वर्षं हा माणूस गावागावांत गात होता आणि त्या गाण्यांत आपल्याविरुद्ध चिथावणी नव्हती. ती गाणी त्या बैठकीच्या मालकीची होत नाहीत. आपण त्यांच्यावरचा हक्क सोडला, तर मात्र ज्याला हवी त्याची होतील.

हाच न्याय आपण दुसऱ्यांकडे मागतोच की. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, म्हणजे शाहीर अमर शेख. हेही स्वतः रचून स्वतः गाणारे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांचा डफ वाजला तेव्हा ऐकणाऱ्यांनी धर्म विचारला नाही. ते कम्युनिस्ट होते, म्हणून काँग्रेसवाल्या घरानं त्यांची गाणी कानाआड केली नाहीत. मराठी माणसानं अमर शेखांना आपलं म्हणावं असं आपल्याला वाटतं, त्याचा अभिमानही वाटतो. मग यावलीच्या माणिकला आपलं म्हणताना आपण का अडखळतो? शेख महंमदांपासून चालत आलेल्या मुस्लिम मराठी परंपरेचा दाखला आपण भाषणांत देतो. परंपरा म्हणजे दोन्हीकडून ये-जा. आपला माणूस तिकडे गायला तर कौतुक आणि तिकडचा इकडे ऐकायचा नाही, असं चालत नाही.

आत्ताच का म्हणतो, तेही सांगतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावती पेटली. आधी त्रिपुरातल्या घटनांच्या निषेधाच्या मोर्चात दगडफेक झाली, दुसऱ्या दिवशी बंदच्या वेळी जाळपोळ, मग संचारबंदी. मे २०२३ मध्ये अकोल्यात समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून जुन्या शहरात दंगल झाली आणि एक माणूस जिवाला मुकला. या दोन्हींची सुरुवात गाण्यातून झाली नव्हती. पण त्यानंतर प्रत्येक मिरवणूक आणि प्रत्येक जुलूस आला की दोन्हीकडच्या आया पोरांना घरात घेतात. का, तर मशिदीसमोर डीजेवर कोणतं गाणं लागेल आणि त्याला उत्तर म्हणून जुलुसात कोणतं वाजेल, याची धास्ती. निवासी वस्तीत दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. ती ते पाळत नाहीत आणि ईद-ए-मिलादला आपणही पाळत नाही, हे मान्य करायला हवं. खंजिरीवरचं गाणं ऐकायला माणसाला जवळ यावं लागायचं. डीजेवरचं गाणं ऐकू नये म्हणून माणूस दार लावून घेतो. वऱ्हाडात भक्तीच्या गाण्याचं एवढ्या वर्षांत काय झालं, ते या दोन वाक्यांत आलं.

म्हणून माझ्या दोन साध्या सूचना आहेत. पहिली अशी की उर्दू शाळांतल्या शिक्षकांनी वर्षातून एक तास या माणसाच्या आयुष्याला द्यावा. शिवणकाम करणाऱ्याचा मुलगा, शिक्षण जेमतेम, गाण्यापायी तुरुंग, हे सगळं मुलांना सांगावं. चौसष्टची बैठकही सांगावी. मुलं अर्धवट ऐकून बिघडतात, पूर्ण ऐकून नाही. दुसरी सूचना जुलूस काढणाऱ्या कमिट्यांना. डीजे बंद करायला पोलिसांच्या नोटिशीची वाट पाहू नका, दफ आणा. ईदच्या दिवशी दोन मुली दफ वाजवून गात होत्या, हजरत अबू बक्र यांनी त्यांना दटावलं आणि प्रेषितांनी "राहू द्या" म्हटलं, ही हदीस बुखारीत आहे. निकाहाला दफ वाजवायला आपल्या बुजुर्गांनी कधी मनाई केली नाही.

आणि दफ म्हणजे तरी काय? एक कडं आणि एका बाजूनं ताणलेलं कातडं. खंजिरीशी त्याचं नातं सख्ख्या भावाचं आहे. आपण आपला आवाज आधी खाली आणू. मग समोरच्याला "तुमच्या महाराजांनी खंजिरीवर भागवलं, तुम्हाला भिंतीएवढे भोंगे कशाला?" हे विचारायचा हक्क आपल्याला राहील. त्यासाठी ते महाराज कोण होते हे आपल्यालाही माहीत असलं पाहिजे.