‘होतं तसंच’ म्हणजे नेमकं कसं? कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाची गोष्ट

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळालं. ज्यांचं नाव या नाट्यगृहाला आहे, त्या केशवरावांची जयंती दुसऱ्याच दिवशी होती. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. पण रंगमंच, प्रेक्षागृह आणि लाकडी छत गेलं. उरल्या त्या दगडी भिंती. ‘नाट्यगृह होतं तसंच पुन्हा उभारू,’ अशी ग्वाही राज्यकर्त्यांनी दिली. ऐकायला हे सोपं वाटतं. पण ‘होतं तसंच’ म्हणजे काय काय तसंच ठेवायचं आणि काय मुळीच तसं ठेवायचं नाही? समजून घेऊया.

नाट्यगृह कुणी बांधलं?

राजर्षी शाहू महाराजांनी. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी १९०२ मध्ये ते युरोपला गेले होते. तिथली भव्य प्रेक्षागृहं पाहून कोल्हापुरातही तसं काही असावं, असं त्यांच्या मनात आलं. १९१३ मध्ये काम सुरू झालं आणि १९१५ मध्ये ‘पॅलेस थिएटर’ उभं राहिलं. शेजारीच कुस्तीचं खासबाग मैदान आहे, तेही महाराजांचंच. नाटक आणि कुस्ती, दोन्हींना राजाश्रय देणाऱ्या शहराची ही जोडवास्तू आहे.

नाव केशवरावांचं का?

केशवराव भोसले (१८९०–१९२१) कोल्हापूरचेच. १९०८ मध्ये त्यांनी हुबळीत ‘ललितकलादर्श’ नाटक मंडळी सुरू केली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला. त्यात ते धैर्यधर होते आणि बालगंधर्व भामिनी. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच केशवराव गेले. वय अवघं ३१. पुढे पॅलेस थिएटरला त्यांचं नाव मिळालं. महापालिकेच्या ताब्यातली ही वास्तू व्यावसायिक नाटकांइतकीच स्थानिक हौशी संघांचीही होती.

नाट्यगृहात आग इतकी झपाट्याने का पसरते?

रंगमंचाची रचनाच तशी असते. पडदे, विंगा, प्लायवूडचे फ्लॅट, रंग, दोऱ्या, लाकडी फळ्या असं सगळं ज्वलनशील सामान एकाच जागी असतं. वर तापणारे दिवे आणि त्यांच्या वायरी असतात. जागा उंच असल्याने गरम हवा वर चढते, खालून ताजी हवा आत ओढली जाते आणि रंगमंच चुलीच्या धुराड्यासारखं काम करतो. त्यावर जुनं वाळलेलं लाकडी छत असेल तर आग विझवायला वेळच मिळत नाही.

म्हणून आधुनिक नाट्यगृहात रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यामध्ये आगरोधक पडदा असतो, रंगमंचाच्या माथ्यावर धूर बाहेर काढणारी झडप असते, छताला पाण्याचे फवारे असतात. शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरमध्ये १९०३ साली हा पडदा मध्येच अडकला आणि बाहेर पडायचे दरवाजे बंद होते. ६०२ जणांचा जीव गेला. म्हणजे उपकरण बसवलं की काम संपत नाही, ते वेळेवर चालायलाही हवं.

मग सगळं काँक्रीटचंच का नको?

कारण आवाज. संवाद स्पष्ट ऐकू यायचे तर ध्वनीची गुंज साधारण एका सेकंदात विरायला हवी. गाण्याला मात्र ती थोडी जास्त लागते. संगीत नाटकाला दोन्ही लागतं. पातळ लाकडी अस्तर काही ध्वनी शोषतं, काही परत पाठवतं. त्याच्या जागी नुसता गुळगुळीत स्लॅब आणि चकचकीत टाइल्स आल्या तर शब्द एकमेकांवर आदळतात आणि सगळा भार माइकवर येतो. त्यामुळे ‘होतं तसंच’चा खरा अर्थ दर्शनी भागापुरता नाही. शेवटच्या रांगेत नटाचा आवाज पूर्वीसारखा पोहोचतो का, हे मोजूनच ठरवावं लागेल.

असं आधी कुठे झालंय?

व्हेनिसचं ‘ला फेनिचे’ ऑपेरागृह जानेवारी १९९६ मध्ये जळालं. तिथेही घोषणा हीच होती: ‘जसं होतं, जिथं होतं’. डिसेंबर २००३ मध्ये ते पुन्हा उघडलं. सजावट जुन्या वळणाची, पण आतली अग्निसुरक्षा नवी. आग तिथे दुरुस्तीचं काम चालू असतानाच लागली होती. काम लांबल्याचा दंड टाळण्यासाठी दोन इलेक्ट्रिशियननी ती लावल्याचं कोर्टात सिद्ध झालं. शेजारचा कालवाही सफाईसाठी कोरडा केलेला होता, त्यामुळे पाणी मिळायला अडचण आली. धडा असा की बांधकाम सुरू असतानाचा काळही धोक्याचाच असतो.

सगळ्यात अवघड प्रश्न कोणता?

तपासायचं कुणी? महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. यालाच ‘फॉर्म बी’ म्हणतात. खासगी मॉल किंवा हॉस्पिटलने ते दिलं नाही तर पालिकेचं अग्निशमन दल नोटीस काढू शकतं. पण नाट्यगृह पालिकेचंच असेल तर मालकही पालिका आणि तपासणारीही पालिका. राज्यातल्या बहुतेक शहरांतल्या सरकारी नाट्यगृहांची हीच स्थिती आहे.

यावर उपाय खर्चिक नाही. प्रमाणपत्राची तारीख तिकीट खिडकीशेजारी लावायची आणि बाहेरच्या संस्थेकडून वर्षातून एकदा तपासणी करून घ्यायची. कोल्हापूरचं नाट्यगृह पुन्हा दिमाखात उभं राहील तेव्हा कमानी आणि दगडी भिंती सगळेच पाहतील. वायरिंग आणि फवारे कुणाला दिसणार नाहीत, आणि पुढची शंभर वर्षं त्यांच्यावरच अवलंबून आहेत. तुमच्या शहरातल्या नाट्यगृहाचा शेवटचा ‘फॉर्म बी’ कधीचा आहे, हे माहितीच्या अधिकारात कुणालाही विचारता येतं.