सफरचंदाच्या बागेंत सोबतीचें झाड

सफरचंद हें थंड प्रदेशाचें फळ, ही समजूत आतां पूर्वीसारखी राहिलेली नाहीं. हिमाचलांतील बिलासपूर जिल्ह्यांतले श्री. हरिमन शर्मा यांनीं उष्ण हवेंत फळणारी एच. आर. एम. एन.-९९ ही जात काढली, व त्यांस २०२५ सालीं पद्मश्री मिळाली. तेव्हांपासून आपल्या इकडेहि चौकशी वाढली आहे. रॉयल डेलिशस जातीस हिवाळ्यांत सात अंशांखालील थंडी हजार तासांच्या आसपास लागते. ती धामणगावास मिळणें शक्य नाहीं. म्हणून कमी थंडीच्या जातीच घ्याव्या, हें विक्रेते सांगतात तें खरें. परंतु परागाविषयीं ते बहुधा मौन धरतात, आणि माझ्या मतें पैसा बुडण्याचें ठिकाण तेंच आहे.

आपणांस संत्र्याची संवय. एकाच जातीचीं कलमें लावलीं तरी बाग फळते. सफरचंदाच्या बहुतेक जातींस स्वतःचा पराग चालत नाहीं, आणि एका जातीचीं शंभर कलमें म्हणजे मुळांत एकच झाड. महसुली दप्तराच्या भाषेंत सांगावयाचें तर सर्व्हे नंबर शंभर, पण खातेदार एक! शेजारीं त्याच वेळीं फुलणारी दुसरी जात पाहिजे. इस्रायलांतील ॲना व बहामा बेटांतील डॉर्सेट गोल्डन ह्या दोन कमी थंडीच्या जाती याच कारणास्तव जोडीनें लावतात. एच. आर. एम. एन.-९९ स्वपरागी म्हणून विकली जाते; तरी दुसरी जात जवळ असल्यानें तोटा कांहींच नाहीं.

हिमाचलांत रॉयलच्याच रांगा लावल्यानें फळधारणा घटली. आतां तेथें बागेचा तिसरा हिस्सा परागदात्या जातींस देण्याची शिफारस आहे. बागाईतदार फुलोऱ्यांत मधमाश्यांच्या पेट्या भाड्यानें आणतात, आणि दुसऱ्या जातीच्या फुललेल्या फांद्या पाण्याच्या डब्यांत घालून झाडांस टांगतात. ज्यास हा खटाटोप अतिरेकी वाटेल त्यानें बाजारांतील वांकडें सफरचंद आडवें कापून पाहावें. पांच कप्पे, प्रत्येकांत साधारण दोन बिया. जिकडील कप्पे रिकामे, तिकडून फळ बहुधा खुरटलेलें दिसतें.

माशी नसेल तर दोन जाती असूनहि उपयोग नाहीं. ह्या झाडाचा फुलोरा हिवाळ्याच्या अखेरीस येतो, आणि धुऱ्यापलीकडे हरभऱ्यावर फवारणी चालूं असण्याचा संभव असतो. शेजाऱ्याशीं बोलून ती सायंकाळीं करवून घ्यावी. धुऱ्यावरील मोहोळ जाळूं नये.

काळ्या जमिनींत पाणी सांचतें, तेव्हां प्रथम दहा-वीस कलमांपेक्षां जास्त कोणीं लावूं नयेत. संघानें सभासदांची मागणी एकत्र करून दोन्ही जाती मागवाव्या, व ज्या कलमावर जातीची चिठ्ठी नसेल तें परत पाठवावें.