वेदना आणि विषाद

राजेगावच्या पेढीवर दिवसभर बसणाऱ्या व्यापारी बंधूंस कंबरदुखी नवी नाही. परंतु दुखणे तीन महिन्यांहून अधिक टिकले, झोप उडाली, व्यवहारातील गोडी आटली, म्हणजे केवळ लेप पुरत नाही. वेदनेचे अखंड चिंतन तत्त्वार्थसूत्राने आर्तध्यानाच्या चार प्रकारांत गणले आहे. आधुनिक विज्ञानही मनाकडेच वळले. वेदनेचे संदेश मज्जारज्जूत मेंदूच्या प्रभावाने तीव्र वा मंद होतात, असे मेल्झॅक व वॉल यांनी १९६५ साली मांडले. वेदनेने विषाद वाढतो, विषादाने वेदना. म्हणून ‘मनाचे खेळ’ म्हणून रुग्णास हिणवू नये. त्याचे दुखणे खरेच असते. कंबरेबरोबर मनाचीही चिकित्सा व्हावी. शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे. तोट्याची रक्कम आपण वहीत मांडतो. मनाचाच तोटा का लपवावा, असे आम्ही नम्रपणे विचारतो.